आपल्या माणसाची तक्रार

गेले काही दिवस इथे लष्करातल्या वाड्यांच्या आठवणी चालल्या आहेत. वाचायला मजा आली. कुणाचा वाडा दौलतगंजात, कुणाचा छत्री बाजारात, आणि सगळ्यांचे मालक देवमाणूस. आमचेही वाईट नव्हते. पण या सगळ्या आठवणींत एक वाक्य फिरून फिरून येतंय, "आम्ही कधी मालकांना उलटून बोललो नाही", आणि ते मोठ्या अभिमानाने लिहिलेलं असतं. मला त्या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. कारण तेच वाक्य आता आपण न्यूयॉर्क, जर्सी, टोरंटोत भाड्याने राहणाऱ्या आपल्या मुलांना फोनवरून ऐकवतो. तिथे ते चालत नाही, आणि कधी कधी ते धोक्याचंही असतं.

आधी वाड्याचंच बघू. आमचा वाडा जनकगंजात होता. सात बिऱ्हाडं, एक चौक, एक नळ. हिवाळ्यात ग्वाल्हेरची थंडी काय असते हे इंदूर-बडोद्याच्या मंडळींना सांगून खरं वाटत नाही. जानेवारीत पारा तीन-चार अंशांवर येतो, कोहरा पडला की समोरच्या ओसरीवर कोण उभं आहे ते दिसत नाही. पहाटे चारला पहिला बंब पेटायचा. टालेवरून आणलेल्या लाकडांच्या ढलप्या, वर दोन-चार कोळसे, आणि त्या तांब्याच्या बंबातून येणारा तो घर्र आवाज. आंघोळीचा क्रम ठरलेला असायचा. शाळेची मुलं आधी, मग ऑफिसवाले, बायका शेवटी. बायकांपर्यंत पाणी कोमट झालेलं असायचं, पण त्याबद्दल आजवर कुणी आठवण लिहिलेली मी वाचली नाही. दहा वाजता धूप चौकात उतरली की सगळा वाडा रजया घेऊन बाहेर. संध्याकाळी ओसरीवर सिगडी.

या सगळ्यात मालकाचं काय होतं? काही नाही. बंब आमचा, लाकडं आमची, सिगडी आमची, रजई आमची. धूप देवाची. मालकाकडे मागायचं ते फक्त दोन गोष्टींसाठी, नळाचं पाणी आणि डोक्यावरचं छप्पर. आणि तेही मागायची आमची तयारी नसे. छताच्या पटियांमधून पावसाळ्यात पाणी गळायचं. वडील स्वतः वर जाऊन चुना-सिमेंट भरायचे. "मालकांना सांगा ना" असं आई म्हणाली की वडिलांचं उत्तर ठरलेलं, "कुठल्या तोंडाने सांगू?"

ते तोंड का नव्हतं, हे मात्र नीट समजून घेतलं पाहिजे. आमचा किराया महिना १८ रुपये होता. १९८७ सालीसुद्धा १८ रुपयेच. मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम १९६१ सालचा. त्यात जी कारणं दिली आहेत त्यांशिवाय मालकाला किरायेदार काढता येत नाही. मग १८ रुपयांत सात खोल्यांचं छप्पर कोण दुरुस्त करणार? मालक करत नव्हते, आम्ही म्हणत नव्हतो. हा एक न लिहिलेला करार होता. आपण त्याला भीड म्हणतो, संस्कार म्हणतो, माझ्या मते तो सरळ हिशोब होता. गप्प बसणं हा किरायाचाच उरलेला भाग होता. बाकीचे दोनशे रुपये आम्ही न बोलून चुकते करत होतो.

गंमत म्हणजे त्याच कायद्यात मकान दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. आणि पाणी, वीज, जिन्यातला दिवा, साफसफाई या सोयी मालकाने बिनाकारण बंद करायच्या नाहीत, हेही लिहिलेलं आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातही असंच कलम आहे. आमच्या वाड्यातल्या सात बिऱ्हाडांत दोन वकील होते, तरी हे कलम मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा वाचलं. त्या यादीत ऊब मात्र नाही. आपल्याकडच्या कुठल्याही मालकाकडून ऊब मागायची पद्धतच नाही, कारण ती आपण स्वतः जाळून मिळवतो.

आता तिकडचं सांगतो. माझी मुलगी आणि जावई न्यूयॉर्कमध्ये क्वीन्स भागात राहतात. मागच्या हिवाळ्यात नात पाच महिन्यांची होती म्हणून आम्ही दोघं चार महिने तिथे होतो. तीन मजल्यांचं लाकडी घर, प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड. तळघरात बॉयलर, तिथून गरम पाण्याचे पाइप भिंतीच्या कडेकडेने सगळ्या खोल्यांत फिरवलेले. किती गरम करायचं ते ठरवणारी डबी जिन्यात, तिला कुलूप. आणि त्या डबीची खरी किल्ली मालकाच्या मोबाइलमध्ये. मालक राहतात लाँग आयलंडवर, तिथे बसून बोटाने पारा खाली करता येतो.

मालक आपले. इंदूरकडचे, साठीचे, मुलीला "बेटा" म्हणणारे. घर मिळालं तेही मराठी मंडळातल्या ओळखीने, आणि घर मिळाल्याच्या आनंदात इथून मीच त्यांना फोन करून आभार मानले होते. नाव-गाव लिहिणार नाही, त्याची गरजही नाही.

डिसेंबरच्या मध्यापासून घर थंड पडायला लागलं. रात्री अकरानंतर पाइप हाताला गारच. सकाळी खोलीत १४ अंश. मुलीने फोन केला तर उत्तर आलं, "बेटा, तेल किती महाग झालंय माहीत आहे ना? स्वेटर घालून बसा. आपण काय थंडी बघितली नाही का?"

हा शेवटचा प्रश्न मला नंतर ग्वाल्हेरहून आलेल्या प्रत्येक फोनवर ऐकायला मिळाला. माझे थोरले चुलतभाऊ, वय ८१, म्हणाले, "१४ डिग्री म्हणजे तर फेब्रुवारी. आम्ही चार डिग्रीत परीक्षा दिल्यात." आत्या म्हणाली, परदेशात आपला माणूस भेटला हेच नशीब, त्याच्याशी वाकडं घेऊ नका. माझ्या एका मित्राने तर मालकांच्या इंदूरच्या भावाची ओळख काढून दिली. म्हणजे तक्रार करायची ती इंदूर-मार्गे, चहाच्या कपावर, हसत हसत.

मला राग या बोलण्याचा आला. मालकाला बिलाची तरी चिंता होती.

ग्वाल्हेरच्या चार अंशांत आणि क्वीन्सच्या घरातल्या चौदा अंशांत फरक आहे तो असा. आपल्याकडे दगडी भिंत, दहा वाजता ऊन, दुपारी खोलीपेक्षा बाहेर जास्त ऊब. तिथे बाहेर उणे दहा, साडेचारला अंधार, आणि दिवसभर ढग असले की ऊन नाहीच. लाकडी घर बारा तासांत आतून गार होतं आणि मग लवकर तापत नाही. जास्त थंडी आत शिरली तर पाण्याचे पाइप गोठून फुटतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाड्यात थंडी वाजली तर आई उठून आणखी दोन ढलप्या टाकू शकत होती. तिथे तुम्ही काही टाकू शकत नाही. सिगडी पेटवायची सोय नाही, पेटवू पण नये. बंद खोलीत सिगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, हे आपल्या उत्तर हिंदुस्थानात दर थंडीत पेपरात येतं. तिकडे माणसं स्वयंपाकाच्या गॅसची भट्टी उघडी ठेवून खोली तापवतात, त्यातूनही तोच न दिसणारा, वास नसलेला वायू होतो.

दुसरा उपाय विजेचा हीटर. तो आम्ही आणला. दुसऱ्याच रात्री फ्यूज गेला, कारण त्या जुन्या घराची वायर तेवढी नव्हती. मी तो हीटर परत पेटीत घालायला लावला, कारण मला ब्राँक्सची आग माहीत होती. ९ जानेवारी २०२२, ब्राँक्समधली १९ मजली इमारत, १७ माणसं गेली, त्यात ८ मुलं. आग लागली ती एका घरात सतत चालू ठेवलेल्या विजेच्या हीटरमुळे. आपोआप बंद व्हायला हवे होते ते दरवाजे बंद झाले नाहीत, आणि धूर जिन्यातून वर चढत गेला. बहुतेक माणसं धुरानेच गेली. राहणारे पुष्कळसे आफ्रिकेतल्या गांबियाहून आलेले, आपल्या मुलांसारखेच परक्या गावात बिऱ्हाड मांडलेले. "स्वेटर घाला, हीटर लावा" हा सल्ला देणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

न्यूयॉर्क शहराचा कायदा मुलीला आमच्या आधी खालच्या मजल्यावरच्या बांगलादेशी वहिनींनी सांगितला. त्या तिथे वीस वर्षं आहेत. कायदा इतका सोपा आहे की मला हसू आलं. १ ऑक्टोबर ते ३१ मे हा ऊब देण्याचा हंगाम. सकाळी ६ ते रात्री १० या वेळात बाहेरचा पारा ५५ फॅरनहाइटच्या खाली गेला, म्हणजे आपले साधारण १३ अंश, तर घरात किमान ६८ म्हणजे २० अंश पाहिजेत. रात्री १० ते सकाळी ६ बाहेर काहीही असो, आत ६२ म्हणजे साधारण १७ अंश. गरम पाणी बारा महिने. भाडेकरू ठेवलेल्या दोन-तीन बिऱ्हाडांच्या खाजगी घरालाही हे लागू. करारात हीटिंग भाडेकरूच्या हातात आणि त्याच्या बिलावर असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून करार वाचायला हवा. मुलीच्या करारात हीटिंग भाड्यात धरलेलं होतं.

म्हणजे वाड्याचा हिशोब इथे उलटा आहे. वाड्यात किराया कमी होता म्हणून आपण गप्प. इथे दर महिन्याला जे भाडं जातं त्यात ती ऊब आधीच विकत घेतलेली आहे. मग न बोलून आपण नक्की कशाची परतफेड करतो? वहिनींचा मुलगा तिथेच वाढलेला, तो म्हणाला, "आंटी, दुकानदाराने पाव किलो साखर कमी तोलली तर तुम्ही बोलता ना?" एवढं साधं आहे ते.

मग मुलीने काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण इथल्या कितीतरी घरांतली मुलं तिकडे आहेत. पाच-सहा डॉलरचा थर्मामीटर आणला. तो खिडकीपासून आणि पाइपपासून लांब, खोलीच्या मध्ये ठेवला. सकाळ, दुपार, रात्र वेळ लिहून फोटो. मालकांना फोन करणं बंद, फक्त लेखी निरोप, नम्र भाषेत, तारीख आणि अंश घालून. एक आठवडा थांबली. मग ३११ नंबरवर तक्रार. खालच्या वहिनींनीही केली, आणि वरच्या मजल्यावर एकटे राहणारे इक्वाडोरचे आजोबा होते, त्यांच्यासाठी वहिनींच्या मुलाने केली. तीन मजल्यांच्या तीन तक्रारी. तक्रार घेताना व्हिसा कुठला, कागद आहेत की नाहीत, हे कुणी विचारत नाही. नाव न देताही करता येते. आपल्या मुलांची सगळ्यात मोठी भीती हीच असते, म्हणून मुद्दाम लिहितो.

शहराचं खातं आधी मालकाला कळवतं, मग भाडेकरूला फोन करून विचारतं, ऊब आली का? नाही म्हटलं तर इन्स्पेक्टर येतो. आमच्याकडे एक उंच बाई आल्या, बूट काढायला सांगितल्यावर हसल्या, पण काढले. प्रत्येक खोलीत स्वतःच्या यंत्राने तापमान घेतलं, लिहून घेतलं आणि गेल्या. दहा मिनिटं. अशा नोंदीला तिथे तातडीच्या धोक्याचा वर्ग देतात. मालकाने दुरुस्त केलं नाही तर शहर स्वतः दुरुस्त करून त्याला बिल लावू शकतं, कोर्टात रोजाचा दंड बसतो, आणि भाडेकरू वकिलाशिवायही घरांच्या कोर्टात अर्ज करू शकतो. एक गोष्ट मात्र करू नये, जी आपली तापट मुलं पहिल्यांदा करायला जातात. भाडं देणं परस्पर बंद करायचं. त्याने भाडं थकवल्याचा दावा उलटा आपल्यावर येतो. रोखायचंच असेल तर जाणकार वकिलाला विचारून, आणि ते पैसे वेगळे बाजूला ठेवून.

सूड म्हणून घर खाली करायला लावणं तिथे कायद्याने मना आहे. पण यात एक फट आहे. मालक स्वतः त्याच घरात राहत असेल आणि बिऱ्हाडं चारपेक्षा कमी असतील, तर हे संरक्षण मिळत नाही. ओळखीच्या मराठी माणसाच्या घरात वरच्या मजल्यावर राहणारी आपली किती मुलं या फटीत बसतात, विचार करा. ऊब मागायचा हक्क तेव्हाही आहे, पण मग जास्त सांभाळून, आधी दुसऱ्या घराची चौकशी करून.

आमच्याकडे चौथ्या दिवशी पाइप गरम झाले. डबीचं कुलूप तसंच आहे, पारा २० वर आहे. मालकांनी मुलीला "बेटा" म्हणणं सोडलं. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात दोघं नवराबायको समोरून निघून गेली. ग्वाल्हेरला बातमी आमच्या आधी पोचली, "तुमच्या मुलीने आपल्या माणसाला सरकारकडे दिलं म्हणे". मी उत्तर दिलं, सरकारकडे नाही, थर्मामीटरकडे दिलं.

मालकांची बाजू मला दिसत नाही असं नाही. जुनं घर, तेलाचा बॉयलर, कर्ज, आणि थंडी कडक पडली की बिल दुप्पट. हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं असतं, पुढच्या करारात भाडं थोडं वाढवून मागितलं असतं, तर मुलीने विचार केला असता. पण त्यांनी नातं पुढे केलं. आपलेपणा सांगायचा तो भाडं घेताना नाही, ऊब देताना तेवढा आठवायचा नाही, तक्रार आली की मात्र काढायचा. हा आपलेपणा काय कामाचा? बांगलादेशी वहिनींना ते मालक "आपले" नव्हते, म्हणून त्यांना त्यांची भीड नव्हती, आणि पाच महिन्यांच्या आमच्या नातीला ऊब मिळाली ती त्या बिनभिडेच्या बाईमुळे.

हे सगळं तिकडचं म्हणून सोडून देऊ नका. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला तेव्हा आपले पूर्वज तंबूत होते, मग वाड्यांत किरायेदार झाले, आता आपल्यातले पुष्कळजण मालक आहेत. वाडे विकले, कॉलन्यांत दुमजली घरं बांधली, वरचा मजला भिंड-मुरैनाहून शिकायला आलेल्या मुलामुलींना किरायाने दिला. किराया १८ रुपये नाही, बाजारभाव आहे, आणि तो दर वर्षी वाढतो. आमच्या गल्लीत असं एक घर आहे, मराठीच. वरच्या गीझरचा स्विच खालच्या मजल्यावर, मालकांच्या पॅसेजमध्ये. सकाळी सहा ते साडेसहा चालू, चार मुलींनी मिळून पाच बादल्या, मग बंद. विजेचं बिल मुलींच्या किरायात वेगळं घेतात, तरी बंद.

त्यातली एक मुलगी जानेवारीत आमच्या सौ.कडे गरम पाणी मागायला आली. ताप होता, परीक्षा होती. सौ.ने बादली दिली आणि विचारलं, खाली का नाही सांगत? मुलगी म्हणाली, "आंटी, वो बुरा मान जाएँगे." सौ.ने तिच्याकडून बिलाचे कागद मागवून घेतले आहेत, तीन महिन्यांचे. उरलेल्या तिघींना रविवारी आमच्याकडे चहाला बोलावलं आहे. मालकीणबाई सौ.च्या भिशीत आहेत.